आई-बाबांना कोणती यात्रा मानवेल?

वर्षावास संपला, ग्रंथवाचनाची सांगता झाली, की सावदा, फैजपूर, रावेर, निंभोरा या आपल्या पट्ट्यातील विहारांच्या भिंतींवर पत्रके लागू लागतात. 'बुद्धगया, राजगीर, नालंदा, कुशीनगर, लुंबिनी, श्रावस्ती, सारनाथ. राहणे, जेवण, चहा-नाश्त्यासह.' तीन महिने ग्रंथ ऐकलेल्या आजीबाई ते पत्रक नातवाकडून दोनदा वाचून घेतात. ज्या गावांची नावे आयुष्यभर कानावर पडली ती एकदा डोळ्यांनी पाहावीत, एवढीच त्यांची इच्छा असते. अलीकडे यात नवी भर पडली आहे. मुंबईत नोकरीला असलेला मुलगा मोबाईलवर समुद्रातल्या जहाजाची जाहिरात दाखवतो आणि म्हणतो, "माय, तुला जहाजात फिरवून आणतो."

दोघांचीही भावना चांगली. परंतु ज्या माणसाने चाळीस वर्षे केळीचे घड डोक्यावर वाहिले, ज्या बाईने निंदणी-खुरपणीत कंबर वाकवली, त्यांच्यासाठी ही यात्रा बहुधा आयुष्यातील पहिली आणि शेवटचीच लांबची यात्रा असते. पैसाही भिशीतला नाहीतर मुलांनी ओव्हरटाइम करून जमवलेला असतो. ही यात्रा बिघडली तर दुसरी संधी मिळत नाही. म्हणून यात्रा निवडताना आम्ही एकच कसोटी सुचवतो: किती ठिकाणे पाहायला मिळतील हे शेवटी पाहा, आपल्या म्हाताऱ्या माणसाच्या चालण्याच्या वेगाने ही यात्रा चालेल का, हे आधी पाहा.

आधी त्यांना विचारा

आपल्या घरांत एक चूक सर्रास होते. मुले ठरवतात, पैसे भरतात आणि मग आई-बाबांना सांगतात. त्यांना काय पाहायचे आहे हे कोणी विचारत नाही. विचारून पाहा. एखादी आजी म्हणेल, "मला बोधिवृक्षाखाली घटकाभर बसायचं आहे, बाकी काही नको." एखादे बाबा म्हणतील, "मला दीक्षाभूमी पुन्हा पाहायची, बुद्धगयेला तुम्ही जा." कोणाला सारनाथ पुरेसे असते. इच्छा एकाच ठिकाणाची असेल तर सात ठिकाणांचे पैसे भरून सात ठिकाणांचे हाल विकत घेण्याचे कारण नाही.

दुसरा प्रश्न शरीराचा. घरापासून विहारापर्यंत न थांबता चालता येते का? वीस पायऱ्या चढता येतात का? रात्री लघवीला किती वेळा उठावे लागते? जमिनीवर बसून जेवता येते का, की खुर्ची लागते? कमोड लागतो का? हे प्रश्न विचारायला आपल्याला लाज वाटते आणि सांगायला त्यांना लाज वाटते. पण यात्रा फसते ती याच प्रश्नांवर. अनेक वयस्कर स्त्रिया प्रवासात संडास मिळणार नाही या भीतीने दिवसभर पाणीच पीत नाहीत. मग चक्कर येते, लघवीला जळजळ होते आणि तिसऱ्या दिवशी ताप भरतो. त्याचे मूळ सोयीच्या अभावात असते आणि दोष मात्र वयाला दिला जातो.

चार वाटा

सावद्याच्या कुटुंबापुढे बुद्धगयेला जाण्याच्या साधारण चार वाटा आहेत. प्रत्येकीचे गुण वेगळे, दोषही वेगळे.

*पहिली वाट: यात्रेची बस.* ही आपल्याकडे सर्वांत लोकप्रिय. बस गावातूनच निघते, सोबत स्वयंपाकी असतो, बरोबरची माणसे ओळखीची असतात, आपल्या भाषेत बोलतात, रात्री गाणी होतात. एकट्या राहणाऱ्या आजीला हा सहवास फार मोलाचा. पण सावद्याहून बुद्धगया रस्त्याने बाराशे किलोमीटरच्या आसपास आहे. पुढे राजगीर, कुशीनगर, नेपाळातील लुंबिनी, श्रावस्ती असे शेकडो किलोमीटर आणखी. दिवस वाचवण्यासाठी बस रात्री पळवतात. बसलेल्या अवस्थेत पाय लोंबकळत ठेवून सलग दोन-तीन रात्री काढल्या की तरुणाचेही पाय सुजतात, मग सत्तरीच्या माणसाचे काय होणार? आणि मग दिसते ते असे की नालंदा आले तरी निम्मी म्हातारी माणसे बसमध्येच डोळे मिटून बसलेली. पैसे भरले, नालंदेला गेले, नालंदा मात्र पाहिली नाही!

बसनेच जायचे असेल तर एवढे पाहा: रात्रीचा प्रवास किती वेळा आहे, दर दोन तासांनी गाडी थांबणार का, मुक्कामाला खाट आहे की सतरंजी, आणि म्हाताऱ्या माणसांना पुढच्या निम्म्या बसमध्ये जागा मिळणार का. मागच्या सीटवर खड्ड्यांचे दणके सर्वांत जास्त बसतात.

*दुसरी वाट: पर्यटन रेल्वे.* रेल्वेच्या आय.आर.सी.टी.सी. या कंपनीची 'महापरिनिर्वाण एक्स्प्रेस' ही बौद्ध स्थळांची वातानुकूलित गाडी २००७ साली सुरू झाली. दिल्लीहून सुटून आठ दिवसांत ती मुख्य स्थळे दाखवते. तिचा प्रवासी प्रामुख्याने परदेशी, आणि भाडेही त्याच मानाने. २०२१ पासून 'भारत गौरव' या नावाने पर्यटन गाड्यांचे धोरण आले. त्यात साध्या शयनयानापासून वातानुकूलित डब्यापर्यंत वेगवेगळे वर्ग ठेवले जातात. एप्रिल २०२३ मध्ये दिल्लीहून बाबासाहेबांच्या नावाची अशी एक यात्रा निघाली होती. महू, नागपूर, सांची, सारनाथ, गया, राजगीर, नालंदा हा तिचा मार्ग होता.

या गाड्यांत रात्री पाय पसरून झोपता येते, संडास डब्यातच असतो, सामान उचलावे लागत नाही. म्हाताऱ्या माणसाच्या दृष्टीने हे तीन मोठे फायदे. तोटा असा की गाडी आपल्या सोयीने सुटत नाही. पुष्कळदा दिल्लीपर्यंत आपल्या खर्चाने जावे लागते. शिवाय सारा कार्यक्रम घड्याळाच्या काट्यावर चालतो. शेकडो प्रवाशांची गाडी एका आजीच्या गुडघ्यासाठी थांबत नाही. वर्ग निवडताना फक्त डबा पाहू नका. स्वस्त वर्गात मुक्कामाच्या ठिकाणी एका खोलीत अनेकांना ठेवतात, हे आधी वाचून घ्या.

*तिसरी वाट: सरकारी योजना.* महाराष्ट्र शासनाने जुलै २०२४ मध्ये 'मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजना' जाहीर केली. वय ६० पूर्ण, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत, आणि माणशी ३० हजार रुपयांपर्यंत खर्च शासनाचा, असे तिचे स्वरूप ठरले. लाभ आयुष्यात एकदाच. यादीत सर्व धर्मांची स्थळे असून दीक्षाभूमी, चैत्यभूमी आणि बुद्धगयेचे महाबोधी विहार यांचाही समावेश केला गेला. पंचाहत्तरीपुढच्या व्यक्तीला सोबती नेण्याची तरतूद आहे. वैद्यकीय दाखला मात्र लागतो. ज्यांना पैशाची अडचण आहे त्यांनी जळगावच्या समाजकल्याण सहायक आयुक्त कार्यालयात जाऊन सध्या अर्ज घेतात का, पुढची गाडी कोणत्या स्थळाची आहे, हे विचारावे. हा आपला हक्क आहे, कोणाची मेहेरबानी नाही. पण लाभ एकदाच मिळणार, म्हणून जी गाडी आधी निघेल तिच्यात बसण्यापेक्षा आपल्या इच्छेच्या स्थळाची वाट पाहणे शहाणपणाचे.

*चौथी वाट: आपले आपण, साध्या रेल्वेने.* भुसावळसारखे जंक्शन वीसेक किलोमीटरवर असताना आपण या वाटेचा विचारच करत नाही, याचे आम्हाला नवल वाटते. प्रयागराजमार्गे जाणारी मुंबई-हावडा मेल भुसावळला थांबते आणि थेट गयेला जाते. प्रवास सुमारे चोवीस तासांचा. मात्र नागपूरमार्गे जाणारी हावडा मेलही भुसावळवरूनच जाते आणि ती गयेला जात नाही. तिकीट काढताना मार्ग पाहून घ्या. वाराणसीसाठी महानगरी एक्स्प्रेस आहे. गोरखपूरला जाणारी कुशीनगर एक्स्प्रेसही भुसावळवरून जाते. गोरखपूरहून कुशीनगर पन्नासेक किलोमीटर. ज्यांच्या घरात भुसावळच्या रेल्वेतून निवृत्त झालेले बाबा आहेत त्यांच्याकडे तर पासही असतो. तो कपाटात ठेवून बसच्या यात्रेला पैसे भरणारी माणसे आम्ही पाहिली आहेत.

या वाटेला सोबत एक तरुण, हिंदी बोलणारा, धीराचा माणूस हवाच. तो असेल तर दोघा-तिघा म्हाताऱ्यांची यात्रा सर्वांत निवांत याच मार्गाने होते. थकले तर थांबता येते, आवडले तर आणखी बसता येते.

खालचा बर्थ कसा मिळवावा

रेल्वेतील ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च २०२० मध्ये थांबवली गेली. त्यापूर्वी पुरुषांना ४० आणि स्त्रियांना ५० टक्के सूट होती. मात्र खालच्या बर्थचा वेगळा कोटा असतो. ६० वर्षांवरील पुरुष आणि ४५ वर्षांवरील स्त्रिया यांच्यासाठी तो आहे. यातली मेख अशी की हा कोटा एका तिकिटावर एक किंवा दोनच पात्र प्रवासी असतील तेव्हा मिळतो. आपण सोयीसाठी आई, बाबा, मुलगा, सून अशा चौघांचे एकच तिकीट काढतो आणि मग आईच्या वाट्याला वरचा बर्थ येतो. तेव्हा आई-बाबांचे तिकीट त्या कोट्यातून वेगळे काढा, सोबत्याचे वेगळे. डबा एकच मिळेल याची खात्री नसते, पण वरच्या बर्थवर चढताना आई पडण्यापेक्षा हे बरे. आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडते. यात्रेची तारीख ठरवून त्याच सकाळी तिकीट काढावे.

आणि जहाजाचे काय?

आता मुंबईच्या मुलाच्या जहाजाकडे वळू. आपल्या लोकांनी जहाजात बसू नये, असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. ज्यांना परवडते त्यांनी जरूर बसावे. २०२१ मध्ये मुंबईहून कॉर्डेलिया कंपनीच्या 'एम्प्रेस' जहाजाच्या सहली सुरू झाल्या. गोवा, लक्षद्वीप अशा दोन ते पाच रात्रींच्या. म्हाताऱ्या माणसाला जहाज एका अर्थी फार सोयीचे. खोली एकदाच लावायची, पिशवी एकदाच उघडायची, गाव मात्र रोज बदलते. लिफ्ट असते, डॉक्टर असतो, जेवण चार पावलांवर.

पण जाहिरातीतील भाडे आणि शेवटचे बिल यांत अंतर असते. बंदराचे शुल्क, कर, सेवाशुल्क हे वेगळे धरलेले असू शकतात. स्वस्त खोलीला खिडकी नसते. लक्षद्वीपसारख्या ठिकाणी मोठे जहाज किनाऱ्याला लागत नाही. लहान होडीत उतरून जावे लागते. हलत्या होडीत पाय टाकणे ज्या माणसाला जमणार नाही त्याने पैसे भरूनही बेट लांबूनच पाहायचे. रात्रीचा कार्यक्रम नाचगाण्याचा आणि मद्याचा असतो, तो आपल्या आजीला रुचेल का, हेही पाहावे.

नदीतले जहाजही निघाले आहे. जानेवारी २०२३ मध्ये वाराणसीहून 'गंगा विलास' नावाचे जहाज दिब्रुगढकडे निघाले. ५१ दिवस, सुमारे ३२०० किलोमीटर, आणि प्रवासी अवघे ३६. भाडे लाखांत. तुमच्या-आमच्यासाठी ही वर्तमानपत्रात वाचण्याची गोष्ट. तरीही तिच्यातून एक धडा घेण्यासारखा आहे. श्रीमंत म्हातारे जहाज का निवडतात? रोज सामान बांधावे लागत नाही, रोज नवी खाट नाही, रोज नवा संडास शोधणे नाही, म्हणून. हे सुख विकत घ्यायला जहाजच लागते असे नाही. दोन ठिकाणी मुक्काम टाकून तेथून फिरले तर तेच सुख साध्या रेल्वेच्या यात्रेतही मिळते.

दोन मुक्कामांची यात्रा

आमच्या मते सत्तरीच्या आसपासच्या माणसांसाठी सर्वांत योग्य बेत असा. भुसावळहून गया. गया स्टेशनवरून रिक्षाने बुद्धगया, पंधरा किलोमीटरच्या आतबाहेर. गाडी अवेळी पोचत असेल तर उजाडेपर्यंत स्टेशनच्या प्रतीक्षालयातच थांबावे. बुद्धगयेला तीन रात्री एकाच खोलीत. पहिला दिवस फक्त विश्रांती आणि संध्याकाळी महाबोधी विहार. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा विहार, कारण ऊन चढण्यापूर्वी तिथे बसण्यात जे समाधान आहे ते दुपारच्या गर्दीत नाही. अनवाणी चालावे लागते आणि दुपारी फरशी तापते, हेही कारण आहेच. तिसऱ्या दिवशी अंगात जोर असेल तर गाडी करून राजगीर-नालंदा, नसेल तर बुद्धगयेतच निरनिराळ्या बौद्ध देशांनी बांधलेले विहार ई-रिक्षाने सावकाश पाहावेत.

मग गयेहून रेल्वेने वाराणसी, तिथून दहा किलोमीटरवर सारनाथ. दोन रात्री. धामेक स्तूपाभोवतीची बाग सपाट आहे, बसायला जागा आहेत, म्हाताऱ्यांना मानवणारे ठिकाण आहे. आपल्या नोटांवरचे सिंह जिथे प्रत्यक्ष पाहायला मिळतात ते वस्तुसंग्रहालय शुक्रवारी बंद असते, त्या बेताने वार ठरवा. परतीला वाराणसीहून महानगरीने भुसावळ. आठवडाभरात घरी.

"एवढ्या लांब जाऊन लुंबिनी-कुशीनगर सोडायचे?" असे कोणी म्हणेल. ज्याच्या अंगात बळ आहे त्याने सोडू नये. कुशीनगर तर सपाट, शांत आणि चालायला सोपे. पण दोन ठिकाणे मन भरून पाहिलेला माणूस घरी येऊन वर्षभर त्याच गोष्टी सांगतो. सात ठिकाणे धावत पाहिलेल्याला कुठे काय होते हेच आठवत नाही.

पायऱ्या, ऊन, गर्दी

राजगीरच्या रत्नागिरी टेकडीवर विश्वशांती स्तूप आहे. पूर्वी तिथे एकेका माणसाचा उघडा पाळणा होता. चालत्या पाळण्यात बसणे म्हाताऱ्यांना भीतीचे. २०२१ पासून बंद डब्यांचा रोपवेही सुरू झाला आहे, ज्यात आठ माणसे एकत्र बसतात. तोच घ्यावा. गृध्रकूट पर्वतावर मात्र चढ-उताराचा पायी रस्ता आहे. गुडघे दुखणाऱ्याने स्तूपापाशी बसावे, वाईट वाटून घेऊ नये. नालंदेचे अवशेष फार विस्तीर्ण आहेत, सावली कमी. सकाळीच जावे, डोक्याला पंचा बांधावा.

महाबोधी विहारात मोबाईल नेऊ देत नाहीत, बाहेर जमा करावा लागतो. म्हणजे आत चुकामूक झाली तर फोन नाही. आत जाण्यापूर्वीच 'हरवलो तर अमुक दारापाशी थांबायचे' असे ठरवा. आजीच्या पदराला नाहीतर बाबांच्या खिशात नाव, मुक्कामाचा पत्ता आणि सोबत्याचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा, तीही हिंदीत. बिहारच्या पोलिसाला आपली बोली कशी कळणार?

हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी ते मध्य मार्च. डिसेंबर-जानेवारीत त्या भागात थंडी कडक, धुक्याने गाड्या तासन्‌तास उशिरा. बुद्ध पौर्णिमेला तिथे जावेसे सर्वांनाच वाटते, पण तो मे महिना, ऊन जीवघेणे. तसेच दीक्षाभूमी आणि चैत्यभूमीचे. धम्मचक्र प्रवर्तन दिन आणि ६ डिसेंबरला लोटणारा जनसागर ही आपली शान आहे. परंतु ऐंशीच्या आजीला त्या गर्दीत नेण्यापेक्षा पंधरा दिवसांनी निवांत न्यावे. तिला बाबासाहेबांसमोर हात जोडून उभे राहता आले पाहिजे, धक्के खाता कामा नयेत.

पैसे भरण्यापूर्वी विचारायचे प्रश्न

यात्रा कोणाचीही असो, पैसे देण्यापूर्वी हे विचारा आणि उत्तरे कागदावर घ्या:

१. एकूण रकमेत काय धरलेले नाही? रोपवे, रिक्षा, प्रवेश तिकीट, नेपाळात गाडी नेण्याचा परवाना कोणाच्या खर्चाने?
२. एका खोलीत किती माणसे? खाट आहे का? खोली तळमजल्यावर मिळेल का?
३. कमोडचा संडास आणि गरम पाणी कोणकोणत्या मुक्कामाला आहे?
४. रात्रीचे जेवण किती वाजता? मधुमेहाच्या माणसाला रात्री अकरापर्यंत उपाशी ठेवता येत नाही.
५. कोणी आजारी पडला तर त्याच्याजवळ कोण थांबणार? यात्रा पुढे गेली तर त्याचे काय?
६. निघण्यापूर्वी रद्द करावे लागले तर किती पैसे परत?
७. पक्की पावती मिळेल का?

जो आयोजक या प्रश्नांनी चिडतो त्याच्याबरोबर जाऊ नये. जो शांतपणे उत्तरे देतो, "हे आमच्याकडे नाही" असेही सांगतो, तो माणूस भरवशाचा. आणि यात्रेसाठी व्याजाने पैसे काढू नका. व्याजाच्या पैशाने बोधिवृक्षाखाली बसलेल्या बापाच्या मनाला शांती कशी लाभेल?

पिशवीत काय हवे

औषधे यात्रेच्या दिवसांपेक्षा पाच दिवसांची जास्त घ्या आणि दोन वेगळ्या पिशव्यांत ठेवा. एक हरवली तर दुसरी राहील. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत असावी. सत्तरीवरील सर्वांना, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचाराची तरतूद झाली आहे. ते कार्ड परराज्यातील संलग्न रुग्णालयातही चालते. यात्रेआधी काढून घ्या.

लुंबिनीला जायचे असेल तर व्हिसा लागत नाही, पण ओळखपत्राची अट आहे. पासपोर्ट नाहीतर मतदार ओळखपत्र लागते. आधार कार्ड फक्त ६५ वर्षांवरील आणि १५ वर्षांखालील प्रवाशांना चालते. म्हणजे आजी आधारवर जाईल आणि सोबतची पन्नाशीची लेक सीमेवर अडकेल! मतदार कार्ड विसरू नका.

उत्तरेत भात-पुरी मिळते, भाकरी मिळत नाही. भाजलेले दाळे, मुरमुरे, लाडू घरून घ्यावेत. जुनीच, पायाला बसलेली चप्पल घालावी. यात्रेसाठी नवी चप्पल घेऊन पायाला फोड आणणारे पुष्कळ असतात. रेल्वेत अडचण आली तर १३९, आणि ज्येष्ठांच्या कोणत्याही अडचणीसाठी १४५६७ हे क्रमांक चिठ्ठीवर लिहून ठेवा.

आधी अजिंठा

लांबच्या यात्रेपूर्वी एक चाचणी करा. जळगावहून अजिंठा लेणी सुमारे ६० किलोमीटर. एस.टी.त ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास सुरू झाला, ६५ ते ७५ वयाला निम्मे तिकीट, आणि मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांनाही निम्मे. खर्च फारसा नाही. सोमवारी लेणी बंद असतात. फर्दापूरच्या फाट्यावर गाडी सोडून तिथल्या बसने वर जावे लागते, नंतर पायऱ्या. पहिले आणि दुसरे लेणे सुरुवातीलाच आहे. तेवढे पाहूनही मन भरते. सव्विसाव्या लेण्यातील महापरिनिर्वाणाची भव्य मूर्ती दुसऱ्या टोकाला आहे. ती पाहायची तर डोली मिळते, चार माणसे खुर्ची खांद्यावर घेतात.

पुष्कळ बाबा डोलीत बसायला तयार होत नाहीत. "जन्मभर आपण ओझं वाहिलं, आता दुसऱ्याच्या खांद्यावर कसं बसू?" हा प्रश्न कष्टकरी माणसालाच पडतो, आणि तो पडतो याचा आम्हाला अभिमान वाटतो. पण ती माणसे मजुरी करतात. दर आधी ठरवा, कमी करण्यासाठी घासाघीस करू नका, वर चहाचे पैसे द्या. कामाचा मान राखून घेतलेली मदत हा अपमान नसतो.

या एका दिवसात सर्व कळते. आई किती चालली, किती वेळा बसली, पाणी प्याली का, दुसऱ्या दिवशी पाय सुजले का. अजिंठा सहज झाला तर दोन मुक्कामांची यात्रा निःशंकपणे ठरवा. दमछाक झाली तर नागपूर ठरवा. भुसावळहून थेट गाड्या आहेत, चढ नाही, एक मुक्काम पुरे. तेही जमणार नसेल तर अजिंठाच पुन्हा दाखवा, या वेळी नातवंडांसह.

थोडक्यात: एकट्या पण धडधाकट माणसाला ओळखीच्या मंडळींची बस. पाय साथ देतात पण व्यवस्था पाहणारे कोणी नाही, त्यांना पर्यटन रेल्वे. पैशाची अडचण आहे त्यांना सरकारी योजना. सोबत समजूतदार मुलगा, मुलगी किंवा सून आहे, त्यांना साधी रेल्वे आणि दोन मुक्काम. समुद्र पाहायची हौस आहे आणि खिशाला झेपते, त्यांना जहाज.

आणखी एक विनंती. "पुढच्या वर्षी नेऊ" असे म्हणत आपण पाच-सात वर्षे घालवतो. तोवर साठीची आई सत्तरीची होते आणि जी पायऱ्या चढली असती ती उंबऱ्यापाशी बसून राहते. वर्षावास संपला आहे, हंगाम चांगला आहे. आज रात्री जेवणानंतर आई-बाबांजवळ बसा आणि एवढेच विचारा: "तुम्हाला कुठं जावंसं वाटतं?" त्यांचे उत्तर पूर्ण ऐकून घ्या आणि मगच पत्रक हातात घ्या.